आधी प्रश्न मग उतारा, ही कसली तयारी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात एका पालकांचं पत्र आलं होतं, वाचनाच्या चाचणीबद्दल. त्यांचं म्हणणं असं की चाचणी दोन महिन्यांवर आली तरी मुलाच्या वर्गात रोजचे उतारे सुरू नाहीत, बाई गोष्टी वाचून दाखवत बसतात, आणि शेजारच्या मुलीच्या शाळेत म्हणे साठ उतारे सोडवून झाले पण. वाचून आधी राग आला मग हसू आलं, कारण गोष्टी वाचून दाखवत बसणारी बाई मीच, म्हणजे त्यांच्या मुलाची नसेन पण त्याच जातकुळीतली. तिसरी-चौथीला शिकवते, बरीच वर्षं झाली. म्हटलं या पत्राला उत्तर द्यायलाच हवं. लांबलंय जरा, कात्री लावायची तर लावा, फक्त मिंडूचा किस्सा तेवढा ठेवा.

आधी एक कबुली देऊन टाकते. साठ उतारे मी पण सोडवून घेतलेत. साठ काय, एका वर्षी शंभराच्या वर गेले असतील. झेरॉक्सचे गठ्ठे, प्रत्येकाच्या दप्तरात फाइल, रोज पहिला तास उताऱ्याचा. आणि वर एक युक्ती शिकवलेली, जी सगळ्या गाइडांत असते आणि क्लासवाले पण हीच सांगतात: उतारा आधी वाचू नका, आधी प्रश्न वाचा, प्रश्नातला मोठा शब्द पकडा, तो उताऱ्यात शोधा, सापडला की त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारा, उत्तर तिथेच असतं. मुलं यात इतकी तरबेज झाली की पाच प्रश्न दोन मिनिटांत. मार्क पण वाढले हो, खोटं कशाला बोलू, पहिल्या महिन्यात वाढले. मग जे थांबले ते थांबलेच. मी आणखी उतारे दिले.

एक दिवस वैतागून मीच फळ्यावर एक उतारा लिहिला. तो असा:

"एका गरबुळात तीन मिंडू टिपलत होते. त्यांतला सगळ्यात थोरला मिंडू फारच खुंबट होता. त्याने धाकट्या मिंडूची टोंबी झुसकली, म्हणून धाकटा मिंडू भेंडकळला."

खाली प्रश्न. मिंडू कुठे टिपलत होते? थोरला मिंडू कसा होता? धाकटा मिंडू का भेंडकळला? मुलांनी वह्या काढल्या, माना खाली घातल्या आणि लिहिलं: मिंडू गरबुळात टिपलत होते. थोरला मिंडू फारच खुंबट होता. थोरल्या मिंडूने टोंबी झुसकली म्हणून धाकटा मिंडू भेंडकळला. तीनपैकी तीन, जवळजवळ सगळ्या वर्गाला. सुवाच्य अक्षर, पूर्ण वाक्यात उत्तर, चाचणीला देतात तसे मार्क द्यायचे तर मला काटता आले नसते. वर्गात चौतीस मुलं, त्यातल्या एकानेही विचारलं नाही की बाई, मिंडू म्हणजे काय. म्हणजे एकाने विचारलं, पण ते वह्या जमा करताना, आणि ते पण घाबरत, जणू त्यालाच काहीतरी येत नव्हतं.

मग मी चौथा प्रश्न विचारला, धाकट्या मिंडूच्या जागी तुम्ही असता तर थोरल्याला काय म्हणाला असता? वर्ग चिडीचूप.

आता बघा, हे कसं जमतं. आपल्या भाषेत विभक्तीचे प्रत्यय सगळं सांगून टाकतात. गरबुळा'त' म्हटलं की ती जागा झाली, मिंडू'ने' म्हटलं की करणारा कोण ते कळलं, 'म्हणून' आलं की त्याच्या आधी कारण. मुलाला कान असतो, व्याकरण त्याच्या अंगात असतं, तेवढ्या जोरावर तो अर्थाला हात न लावता उत्तर लिहू शकतो. आणि आम्ही त्याला आकलन म्हणतो आणि त्यावर स्टार देतो.

ही युक्ती बंद का केली त्याचं दुसरं कारण हिशोबाचं आहे, जे पालकांना जास्त पटेल असं वाटतं. पर्ल्स नावाची आंतरराष्ट्रीय वाचन चाचणी आहे, २००१ पासून दर पाच वर्षांनी होते, चौथीच्याच मुलांची. तिच्यात कसल्या प्रश्नांना किती वजन हे उघड जाहीर केलेलं असतं. उताऱ्यात सरळ दिलेली माहिती शोधून सांगा, असल्या प्रश्नांचा वाटा साधारण २० टक्के. साधा सोपा अंदाज बांधायचे प्रश्न ३० टक्के, दोन-तीन ठिकाणची माहिती जुळवून अर्थ लावायचे आणखी ३० टक्के, आणि उताऱ्याबद्दल, तो कसा लिहिलाय त्याबद्दल मत बनवायचे उरलेले २०. सगळ्याच चाचण्यांचं वजन नेमकं असंच नसतं, पण बऱ्या चाचणीचा तोंडवळा साधारण हाच. म्हणजे शब्द पकडा, ओळ शोधा ही आमची लाडकी युक्ती पेपरातल्या पाचव्या हिश्शाला उपयोगी, आणि तो पाचवा हिस्सा बहुतेक मुलांना तसाही येतो! बाकीच्या ८० टक्क्यांत हीच युक्ती नडते.

कशी नडते ते सांगते. एका सराव उताऱ्यात वाक्य होतं, "मीनाने आकाशाकडे पाहिलं, धावत जाऊन दोरीवरचे कपडे काढले आणि खिडक्या लावून घेतल्या." प्रश्न, मीनाला काय होणार असं वाटलं? माझा वर्गातला सगळ्यात चटपटीत मुलगा, साठ उताऱ्यांचा गडी, हात वर करून म्हणतो बाई प्रश्न चुकलाय, याचं उत्तर उताऱ्यात नाहीये. त्याने तीनदा शोधलं होतं. मी विचारलं तुझी आई असं कधी करते? तर म्हणाला पाऊस यायला लागला की. मग? मग तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पण बाई, ते आपल्या मनाचं लिहायचं नसतं ना." हे त्याला कोणी शिकवलं होतं? मीच. 'उताऱ्याबाहेरचं काही लिहू नका' हे वाक्य मी शंभर वेळा म्हटलं असेन.

बरं ही काही आजची गोष्ट नाही. एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९१७ साली मुलं उतारा वाचताना कुठे कुठे चुकतात याच्यावरच लिहिलं होतं. त्याच्या एका उताऱ्यात फ्रँकलिन या गावातल्या शाळेच्या हजेरीचा नियम दिला होता, कोणत्या वयाच्या मुलांनी रोज यायचं आणि कधी सूट वगैरे. उतारा कशाबद्दल आहे असं विचारल्यावर काही मुलांनी लिहिलं, फ्रँकलिन. म्हणजे पहिल्या ओळीत जो ठसठशीत शब्द दिसला तो उचलला. शंभर वर्षं होऊन गेली, आजही 'या उताऱ्याला योग्य शीर्षक कोणते' असा प्रश्न आला की माझ्या वर्गातली निम्मी पोरं पहिल्या ओळीतला शब्द ज्या पर्यायात आहे त्यालाच गोल करतात. थॉर्नडाइकचं म्हणणं होतं की उतारा वाचणं हे गणित सोडवण्यासारखं आहे, प्रत्येक शब्दाला किती भाव द्यायचा ते डोक्यात तोलत बसावं लागतं. एका शब्दाला जास्त भाव दिला की गणित फसलं. आणि आमची युक्ती नेमकं तेच तर शिकवते, एका शब्दाला पकडा म्हणून.

मराठीत याची एक खास गंमत आहे. आपलं क्रियापद शेवटी, आणि नकार तर त्याच्याही नंतर. "वादळ ओसरल्यावर, सगळे खलाशी किनाऱ्यावर आले असतानाही, म्हातारा नावाडी आपली होडी सोडून घरी गेला नाही." ज्याला होडी, नावाडी, घरी हे शब्द सापडले तो खूश, त्याने रेघ मारली, पुढच्या प्रश्नाकडे. 'नाही' वाचलंच नाही. मी एकदा एका चाचणीचे चुकलेले प्रश्न वेगळे काढून बसले तर किती ठिकाणी मुलं वाक्याच्या शेवटापर्यंत गेलीच नव्हती ते दिसलं. आणि 'तो, त्याने, त्याला' यांचा घोळ वेगळाच. "राजूने सुनीलला त्याचं पुस्तक परत दिलं तेव्हा तो हसला." कोणाचं पुस्तक? कोण हसला? मोठ्यांना पण पुढचं मागचं बघावं लागेल, आणि ते मागचं पुढचं बघणं म्हणजेच तर आकलन.

वाक्प्रचारांचं तर विचारूच नका. "आईच्या कपाळावर आठ्या पडल्या" या वाक्यावर एका मुलीने मला विचारलं होतं, बाई, आठच का पडल्या? मी आधी हसले, मग लक्षात आलं की तिने तरी विचारलं, बाकीच्यांनी काय समजून घेतलं असेल देव जाणे. "पाहुण्यांना बघून त्याने काढता पाय घेतला" वर तर एकाने चित्रच काढलं होतं, पाय हातात घेतलेला माणूस, चेहरा मात्र हसरा. असले वाक्प्रचार यादी करून पाठ करून घेता येतात, आम्ही घेतो पण, पण यादीतला वाक्प्रचार परीक्षेत त्याच रूपात कधी येत नाही. तो कानावर पडून पडून यावा लागतो, आणि कानावर पडायचा तर कोणीतरी वाचून दाखवावं लागतं. त्या पत्रातल्या पालकांना वेळेचा अपव्यय वाटलेलं गोष्टी वाचून दाखवणं ते हेच.

आता ज्याला अक्षरच नीट लागत नाही त्या मुलाचं काय, हा प्रश्न येतोच. गफ आणि टनमर या दोघांनी १९८६ साली एक साधं समीकरण मांडलं, वाचून कळणं म्हणजे शब्द उलगडता येणं गुणिले भाषा ऐकून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हीपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. माझ्या चौथीत दरवर्षी तीन-चार मुलं अशी असतात जी 'विद्यार्थ्यांनी' हा शब्द वि, मग थांबून द्या, मग पुढचं जोडाक्षर बघून घाम, अशी वाचतात. वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते, कारण सगळी ताकद अक्षर उचलण्यातच जाते. असल्या मुलापुढे रोज उतारा ठेवणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला रोज शर्यतीला उतरवण्यासारखं आहे. त्याला आधी जोडाक्षरं, मात्रा, मोठ्याने वाचन, तेच पान पुन्हा पुन्हा वाचणं हे हवं, रोज पंधरा-वीस मिनिटं, वेगळं बसवून, आणि न लाजवता. पण तोच मुलगा गोष्ट ऐकवली की सगळ्यात भारी उत्तरं देतो, हे पण मी बघितलंय. म्हणजे त्याची एक बाजू भक्कम आहे, दुसरी बसवायचीय. गुणाकारात कोणता आकडा लहान आहे ते न बघता सगळ्यांना एकच फाइल देणं ही आमची चूक, आणि याचा दोष आम्ही मुलाच्या माथी मारतो की याला आकलन नाही.

आणि उलट्या बाजूचं पण उदाहरण आहे, जे मला फार लागलं होतं. एक मुलगी, वाचायला इतकी सुंदर, आवाज खणखणीत, स्वल्पविरामाला थांबणार, प्रश्नचिन्हाला सूर वर नेणार. परिपाठाला वाचायचं असलं की तिचंच नाव. चाचणीत तिला वाचनात इतके कमी मार्क आले की मी म्हटलं पेपर बदलला असणार. मग तिला शेजारी बसवून एक पान वाचायला लावलं आणि पुस्तक मिटून विचारलं, काय झालं गं यात? तिला एक वाक्य सांगता आलं नाही. रडायलाच लागली. वर्षभर माझ्या समोर ती नुसते आवाज काढत होती आणि मी शाबासकी देत होते. ते मला कळलं चाचणीमुळे. त्यामुळे चाचणीला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही हे त्या पालकांनी लक्षात घ्यावं. सगळ्यांना एकच पेपर, एकच वेळ, एकच तपासणी, यातून जे दिसतं ते आपल्या लाडक्या विद्यार्थ्याबद्दलच्या आपल्या मतातून दिसत नाही.

भांडण चाचणीशी नाही, चाचणीच्या नावाखाली जे वेळापत्रक होतं त्याच्याशी आहे. चाचणी जवळ आली की पहिला बळी जातो परिसर अभ्यासाचा. विज्ञान काय, इतिहास-भूगोल काय, ते नंतर करू, त्याचे मार्क कुठे मोजतायत. तो तास उताऱ्यांना. आणि इथेच सगळ्यात मोठी गफलत होते. १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी अमेरिकेत एक प्रयोग केला. सातवी-आठवीची ६४ मुलं घेतली. काही वाचनात हुशार, काही कच्ची, आणि दोन्ही गटांत काही बेसबॉलची माहिती असणारी, काही नसणारी. सगळ्यांना बेसबॉलच्या सामन्यातला एक प्रसंग वाचायला दिला. तर वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या बरीच पुढे निघाली. आपल्याकडे क्रिकेट घाला, तेच होईल. "गोलंदाजाने षटक निर्धाव टाकलं आणि समोरच्यावर दडपण आलं" हे वाक्य क्रिकेट न बघणाऱ्या माझ्यासारखीला शब्द न् शब्द वाचता येतं, पण दडपण का आलं? धाव दिली नाही म्हणून ना, पण ते वाक्यात कुठंय? ते वाचणाऱ्याच्या डोक्यात असावं लागतं.

म्हणजे उतारा मधमाश्यांवर आला तर ज्या मुलांना पोळं, राणीमाशी, परागकण ठाऊक आहेत ती मुलं निम्मा उतारा आधीच वाचून आलेली असतात. उतारा किल्ल्यावर आला तर ज्यांना तटबंदी आणि बुरूज म्हणजे काय ते माहितीय ती पुढे. आणि हे कुठे शिकवतात? ज्या तासाला आपण कात्री लावली तिथेच. वाचनाचे मार्क वाढावेत म्हणून विज्ञानाचा तास काढून उतारा घ्यायचा म्हणजे फांदीवर बसून ती बुंध्याकडून तोडायची. हे मी मुख्याध्यापकांना मीटिंगमध्ये सांगितलं होतं, त्यांना पटलं पण, वेळापत्रक मात्र बदललं नाही, असो.

आणखी एक संशोधन मला फार अस्वस्थ करतं. डोलोरेस डर्किन म्हणून एक बाई होत्या, त्यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी चौथीच्या वर्गांत जाऊन हजारो मिनिटं बसून नुसतं बघितलं की वाचनाच्या तासाला शिक्षक नक्की करतात काय. उताऱ्याचा अर्थ कसा लावायचा हे प्रत्यक्ष शिकवण्यात गेलेला वेळ निघाला एक टक्क्याहूनही कमी. बाकीचा वेळ स्वाध्याय द्या, प्रश्न विचारा, उत्तर बरोबर की चूक सांगा, पुढचा. म्हणजे आम्ही शिकवत नाही, आम्ही तपासतो. साठ उतारे सोडवून घेतले म्हणजे साठदा तपासलं. रोज वजन केलं म्हणून पोर वाढत नाही हे घरातल्या आजीला पण कळतं.

मग करायचं काय, नुसती टीका करून बाई मोकळ्या, असं नको व्हायला. मी काय करते ते सांगते, पटलं तर घ्या.

रोज वीस मिनिटं वाचून दाखवते. मुलांच्या स्वतःच्या वाचनापेक्षा एक पायरी अवघड असं. मध्येच थांबते आणि मोठ्याने विचार करते, "अरे, इथे तर म्हणतोय की दार बंद होतं, आणि मघाशी म्हणाला दार किलकिलं होतं, मग मधे कोण आलं?" म्हणजे मुलांना माझ्या डोक्यात काय चाललंय ते ऐकू येतं. माझं अडलं तर अडलं म्हणते, मागे जाऊन पुन्हा वाचते. मुलांना वाटत असतं की मोठ्या माणसांना पहिल्या फटक्यात सगळं कळतं, मागे जाऊन वाचणं म्हणजे कमीपणा. तो समज आधी काढावा लागतो.

आठवड्यातून दोनदा चार-चारचे गट. पॅलिंकसर आणि ब्राउन या दोघींनी १९८४ मध्ये ही पद्धत मांडली होती, मी तिला देशी कपडे घातलेत. गटातला एक सांगतो आत्तापर्यंत काय झालं, एक प्रश्न विचारतो, एक अडलेला शब्द किंवा वाक्य सोडवतो, एक पुढे काय होईल ते सांगतो. पुढच्या परिच्छेदाला कामं बदलायची. पहिले काही दिवस नुसता गोंधळ, कोणी काय विचारेल नेम नाही, शेजारच्या वर्गातून तक्रार येते. तिसऱ्या आठवड्यात मुलं एकमेकांना म्हणायला लागतात, "हे तुझ्या मनाचं आहे का कुठे लिहिलंय ते दाखव." हे वाक्य मुलाच्या तोंडून ऐकलं की मी समजते गाडी रुळावर आली. कारण अंदाज बांधायचा आणि त्याला उताऱ्यातून पुरावा पण द्यायचा, दोन्ही आलं त्यात. माझ्या जुन्या 'मनाचं लिहायचं नसतं' पेक्षा कितीतरी बरं.

आणि हो, चाचणीच्या पेपराची ओळख पण करून देते, ते टाळत नाही. पण शेवटचे दोन-तीन आठवडे, जास्त नाही. त्यात करण्यासारखं खरंच काही असतं. वेगळी उत्तरपत्रिका आणि गोल काळे करायचे असतील तर मुलं एक प्रश्न सोडतात पण गोल सोडत नाहीत, मग तिथून पुढची सगळी उत्तरं एकेक घर सरकतात. एका हुशार मुलाचा अख्खा पेपर असा गेलाय माझ्या डोळ्यांदेखत. पाच प्रश्न झाले की नंबर जुळवून बघायचा, एवढं एक शिकवलं की पुरतं. दुसरं, 'खालीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे' यातल्या 'चुकीचे' खाली रेघ, कारण घाईत मुलं पहिलं बरोबर विधान दिसलं की खूण करतात. तिसरं फसवे पर्याय. खोटा पर्याय कधीच वेड्यासारखा नसतो, तो उताऱ्यातलाच शब्द घालून बनवलेला असतो, किंवा तो खरा असतो पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नसतो.

हे नुसतं सांगून कळत नाही म्हणून मी मुलांनाच पर्याय बनवायला देते. उतारा एक, प्रश्न एक, बरोबर उत्तर मी सांगते, तीन खोटे पर्याय तुम्ही बनवा, असे की शेजारचा गट फसला पाहिजे. अहो काय मजा येते! पहिल्या दिवशी 'हत्ती', 'टीव्ही', 'माहीत नाही' असले पर्याय येतात, कोणी फसत नाही. आठवड्याभराने अशी काही सोंगटी टाकतात की मलाच दोन मिनिटं लागली एकदा. एक मुलगा म्हणाला, बाई फसवायचं असेल तर आधी उतारा नीट कळावा लागतो. मी ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं, कोणीतरी पुसलं.

घरी काय करायचं हे पालक नेहमी विचारतात, त्यांना उताऱ्यांचं पुस्तक सुचवलं तर समाधान होतं, मी सांगते ते ऐकून चेहरा पडतो. मुलाला वाचता यायला लागलं तरी त्याला वाचून दाखवणं बंद करू नका. त्याने वाचलेलं तुम्हाला सांगू द्या, आणि सांगताना तुम्ही मोबाइल बघू नका. 'कोण, कुठे, कधी' कमी विचारा, 'तुला कसं कळलं' जास्त विचारा. तो चुकीचं काही बोलला तर लगेच दुरुस्त करू नका, दाखव बरं कुठंय म्हणा, तोच शोधेल. आणि कृपा करून सराव चाचणीचे मार्क पालकांच्या ग्रुपवर टाकू नका, ज्याचे कमी आहेत ते पोर पण त्याच वर्गात बसतं आणि त्याला सगळं कळतं.

एक मात्र मान्य करते. त्या पालकांची काळजी खोटी नाही. माझ्या पद्धतीत दाखवायला काही नसतं, फाइल नाही, गठ्ठा नाही, आज काय केलं विचारलं तर मूल म्हणतं गोष्ट ऐकली. साठ उतारे दिसतात, मोजता येतात. शब्दसाठा आणि जगाची माहिती वाढायला वर्षं लागतात आणि ती वाढताना दिसत नाही, त्यामुळे दोन महिन्यांत चमत्कार होईल असं मी कुणालाच सांगत नाही, सांगूही नये. बालवाडीपासून सहा वर्षं रोज वाचून दाखवलेल्या मुलाशी माझ्या दोन महिन्यांची बरोबरी होणार नाही. पण त्याच दोन महिन्यांत साठ उतारे घातले तर ती पण होत नाही, आणि वर पोराला वाचनाचा कंटाळा येतो तो फुकट.

आता संपादक महोदय, एक विनंती तुम्हाला. आपल्या पेपरात परीक्षेच्या दिवसांत दर आठवड्याला सराव उतारे छापून येतात, खाली प्रश्न, पान उलटं करून उत्तरं. मुलं कापून चिकटवतात, पालक सांभाळून ठेवतात, हेतू चांगलाच आहे. त्यातली अर्धी जागा एका गोष्टीला किंवा माहितीच्या लेखाला द्याल का? मोठ्या टायपात, आठ-दहा वर्षांच्या मुलाला वाचता येईल अशी, विषय कोणताही, मुंग्यांचं वारूळ, घड्याळ कसं चालतं, चंद्र कमी-जास्त का दिसतो. आणि खाली एकही प्रश्न छापू नका. प्रश्न आम्ही वर्गात काढू, मुलंच काढतील.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका

ता.क. गरबुळ म्हणजे काय हे वर्गात अजून ठरलेलं नाही. एका गटाचं म्हणणं ते तळं, कारण टिपलणं म्हणजे पोहणं असणार. दुसरा गट म्हणतो झाडाची ढोली, कारण तळ्यात असते तर धाकटा मिंडू भेंडकळल्यावर पळून गेला असता, आणि तो पळाला असं कुठे लिहिलंय? मला विचारतात खरं काय ते सांगा. मी सांगितलं, उतारा पुन्हा वाचा.